गावाजवळच्या निसर्ग परिचय केंद्राच्या दुरुस्तीसाठी निधी कसा उभारायचा?

तुम्ही लिहिलंय की केंद्र जुनं आहे, स्वच्छतागृहं जवळपास बंद पडलीत, फलक फिके झालेत, सहली येणं कमी झालंय आणि संस्थेच्या खात्यात फारसं काही नाही. अशाच एका छोट्या संस्थेचे हिशेब मी बघतो, म्हणून जरा रोखठोक लिहितो.

पैसे मागायला निघण्याआधी सातबारा काढा. जागा ग्रामपंचायतीची, वनविभागाची, की कुणी तोंडी दिलेली? सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी सांभाळणारे, पहिल्याच भेटीत हे विचारतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनी स्वतःकडे ठेवू शकत नाही. ती सीएसआर नोंदणी असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर असावी लागते. जागेचाच पत्ता नसेल तर गाडी तिथेच अडते. वनजमीन असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक वीटही लावू नका. संस्थेचं १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआरची कामं घेण्यासाठीची नोंदणी) झालंय का, तेही आताच सीएंना विचारून घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ची नोंदणी नसलेल्या संस्थेमार्फत कंपन्यांना काम करता येत नाही.

आता मागायचं काय? बहुतेक संस्था देखण्या प्रदर्शनासाठी पैसे मागतात. पण सहल रद्द होते ती शौचालयामुळे. आमच्याकडे जिल्हा परिषद शाळेची सहल आली की एक बाई आतल्या मुलीसाठी बाहेरून दार ओढून धरायच्या, कारण कडी तुटलेली. नळाला पाणी नाही, म्हणून मुली घरून निघाल्यापासून पाणीच पीत नसत. अशा मुलींना फुलपाखरांच्या जीवनचक्रात काय रस वाटणार? फलकांचंही खरं आहे म्हणा. उन्हात फ्लेक्सचा लाल रंग आधी उडतो, आणि तांबट पक्ष्याच्या कपाळावरचा लाल ठिपकाच दिसेनासा झाला तर पोरांनी तांबट ओळखायचा कसा? तरी क्रम शौचालय, पाणी आणि मग फलक असाच ठेवा.

गंमत अशी की गावातल्या दात्यांना पाटी हवी असते आणि शौचालयावर आईवडिलांचं नाव लावायला कुणी तयार होत नाही. म्हणून कामाचे दोन भाग करा. बाक, सावलीचा मांडव, वाचनकोपरा, पक्षीनिरीक्षणाच्या दुर्बिणी हे कुटुंबांकडून स्मरणार्थ घ्या. शौचालय आणि पिण्याचं पाणी कंपनीकडे मागा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्वच्छता व शुद्ध पाणी आणि पर्यावरण हे दोन्ही विषय आहेत, त्यामुळे एकाच प्रस्तावात दोन्ही बसवता येतात. कायद्याने खर्च बंधनकारक आहे तो ५०० कोटी नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी), १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक तरी असलेल्या कंपन्यांना: मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के. मुंबईतल्या मोठ्या नावांच्या मागे धावण्यापेक्षा तुमच्याच एमआयडीसीत ५ कोटींच्या वर नफा असलेले कोण आहेत ते बघा. आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला कायदाच सांगतो.

जागा सरकारी असेल तर जिल्हा वार्षिक योजनेतूनही काम निघू शकतं. ही योजना ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, तेव्हा प्रस्ताव वनविभाग किंवा ग्रामपंचायतीमार्फतच जाऊ द्या. आमदार निधी पक्क्या बांधकामाला मिळतो, झाडूवालीच्या पगाराला नाही.

आणि खरा घोळ तिथेच आहे. बांधायला पैसे मिळतात, पण रोज धुवायला कोण देणार? साताऱ्याजवळचं कास पठार बघून या. वनविभागाच्या सोबतीने आसपासच्या गावांची समिती तिथे प्रवेश शुल्क घेते, आणि हंगामातलं मनुष्यबळ व स्वच्छता त्यातून सांभाळली जाते. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कास आहे, तुमच्याकडे तेवढी गर्दी होणार नाही हे मान्य. पण माणशी थोडं शुल्क आणि शाळांना सवलत, एवढं तरी ठरवून प्रस्तावातच लिहा. पुढच्या ३ वर्षांच्या देखभालीचं पान जोडलेला अर्ज कंपनीच्या टेबलावर वेगळा दिसतो.

ऑनलाइन वर्गणीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिथे डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट लागते, तुटक्या कडीची तशी गोष्ट होत नाही. ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून मात्र बरं जमतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. २००० रुपयांवरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही, आणि जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच ती मिळते हेही आधी सांगा, नाहीतर मार्चनंतर फोन येतात. दुसरं, परदेशातले नातेवाईक. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने बँकेतून पाठवलेले पैसे चालतात; पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो विदेशी स्रोत ठरतो, आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय त्याचे पैसे घेता येत नाहीत. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी नाहीच.

अंदाजपत्रक तालुक्यातल्या एखाद्या अभियंत्याकडून मोजमापासकट करून घ्या, त्यात जीएसटी धरा आणि तीन कोटेशनं जोडा. सातबाऱ्यावर कुणाचं नाव निघालं ते इथेच कळवा, अर्जाचा मसुदा त्यावर ठरेल.