इन्स्टाग्राम खाते चोरीला गेले आणि फसवणुकीचा ठपका माझ्यावर आला

प्रश्न : मी घरून पैठणी विकते. गेली सहा वर्षे बहुतेक गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरूनच येते. खाते भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून उघडून दिले होते. गेल्या आठवड्यात एका जुन्या ग्राहकाच्या खात्यावरून ‘स्पर्धेत मला मत द्या, तुमच्या मोबाइलवर आलेला कोड सांगा’ असा मेसेज आला. मी कोड सांगितला आणि अर्ध्या तासात खात्याचा ईमेल, मोबाइल क्रमांक, पासवर्ड सगळे बदलले गेले. आता तिथे माझ्या नावाने ‘दहा हजार गुंतवा, संध्याकाळपर्यंत दुप्पट मिळवा’ अशा स्टोरी टाकल्या जात आहेत. दोन ग्राहकांचे मिळून ४३,००० रुपये गेले आणि त्यांतील एक जण माझ्यावरच केस करणार म्हणतात. पोलीस ठाण्यात ‘खाते परत आणून देणे आमचे काम नाही’ असे सांगण्यात आले. एक मुलगा ८,००० रुपयांत खाते काढून देतो म्हणतो. कोड मीच दिला, म्हणजे दोष माझाच का?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्या वाक्याच्या भीतीमुळेच आपण अजून लेखी तक्रार दिलेली नाही असे दिसते. कोड आपण सांगितला हे खरे असले, तरी तो फसवून काढून घेतला गेला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६क (इंग्रजी प्रतीत ६६सी) नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची इलेक्ट्रॉनिक खूण अप्रामाणिकपणे वापरणे हाच गुन्हा आहे, आणि तो पासवर्ड चोराने कसा मिळवला यावर गुन्हा ठरणे अवलंबून नाही. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. संगणक साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणे हा कलम ६६ड (६६डी) चा निराळा गुन्हा असून, ग्राहकांचे पैसे उकळले गेल्यामुळे भारतीय न्याय संहितेचे (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) फसवणुकीचे कलम ३१८(४) आणि तोतयेगिरीचे कलम ३१९ हीदेखील लागू होतात. पहिल्या गुन्ह्याच्या पीडित आपण आहात आणि नंतरच्या गुन्ह्यांचे पीडित आपले ग्राहक आहेत. फसवणुकीचा गुन्हा ठरायला फसवण्याचा हेतू लागतो. आपला तो नव्हता आणि पैसेही आपल्या बँक खात्यात आलेले नाहीत, असे आपल्या पत्रावरून मी धरून चालतो.

मात्र हे सिद्ध करायची वेळ आली, तर खाते अमुक दिवशी अमुक वाजता आपल्या ताब्यातून गेले आणि ते कळताच आपण गप्प बसला नाहीत, हे तारखेसह दाखवता आले पाहिजे. खाते परत मिळायला दोन दिवस लागतील किंवा दोन महिने. ती तारीख मात्र आजच कागदावर आली पाहिजे. माझ्या मते आपल्या प्रकरणात खात्यापेक्षाही या कागदाचे मोल अधिक आहे.

म्हणून आजच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा. दोन्ही ग्राहकांना त्यांच्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर स्वतः कळवायला सांगा, कारण व्यवहाराचा तपशील त्यांच्याकडे आहे आणि ठगाच्या खात्यातील रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठवली जाणे हीच ती परत मिळण्याची मुख्य आशा असते. पोलीस ठाण्यात आपल्याला जे सांगितले गेले ते अर्धेच बरोबर आहे. खाते परत करण्याची यंत्रणा कंपनीकडे आहे, पोलिसांकडे नाही. पण गुन्हा नोंदवणे हे पोलिसांचेच काम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७७ब (७७बी) नुसार तीन वर्षे व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे दखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येणारे) आहेत, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितले आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे ‘गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही’ हे कारण पुढे करता येत नाही. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली, तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे, तेव्हा ‘आधी चौकशी करतो’ असे कोणी म्हटले तर ते लगेच टाळाटाळ समजू नये. तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात अर्ज देणे सोयीचे पडेल. तरीही नोंद झाली नाही, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावा आणि त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

आता खात्याविषयी. प्रथम आपला ईमेल तपासा. खात्याचा ईमेल बदलला गेला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर तसे कळवते आणि त्या मेलमध्ये तो बदल उलटवण्याची सोय असते. खाते आपल्या भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून उघडून दिले होते, असे आपण पत्रात सहज लिहिले आहे, पण हीच बाब इथे कळीची आहे. तो मेल आपल्याला नव्हे, भाच्याला आला असणार, तेव्हा त्याच्या इनबॉक्सबरोबर स्पॅमही पाहायला सांगा. मेल सापडला नाही, तर इन्स्टाग्रामच्या हॅक झालेल्या खात्यांसाठीच्या पानावरून विनंती करावी लागेल. तिथे चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला जातो, पण आपल्या खात्यावर फक्त साड्यांचे फोटो असल्यामुळे तो जुळवायला काहीच नाही. अशा खात्यांसाठी नोंदणीचा मूळ ईमेल किंवा क्रमांक आणि नोंदणी कोणत्या प्रकारच्या उपकरणावरून केली हे विचारले जाते, म्हणजे पुन्हा भाचाच. त्याला शेजारी बसवून, शक्यतो ज्या फोनवर आपण रोज खाते वापरत होता त्याच फोनवरून, ही विनंती करा. जाहिरातींसाठी खात्याला कार्ड जोडलेले असेल, तर ते आधी बंद करून बँकेला लेखी कळवा.

समांतरपणे कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. असा अधिकारी नेमणे आणि ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढणे हे माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. समाधान न झाल्यास उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. तक्रारीत ‘खाते डिलीट करा’ असे लिहू नका, ‘खाते गोठवा, नोंदी जतन करा आणि मला परत द्या’ असे लिहा. आपल्या हितचिंतकांनी खात्यावर ‘रिपोर्ट’चा भडिमार सुरू केल्याचे आपण सांगता, तो आज थांबवा, कारण त्याने खातेच बंद पडले, तर चोराबरोबर आपलीही सहा वर्षे जातील. चोराने कोठून लॉगिन केले याचा तपशील कंपनीकडून पोलीसच मागवू शकतात, म्हणून तशी विनंती आपल्या अर्जात स्पष्ट लिहा.

आठ हजारांत खाते काढून देणाऱ्या मुलाला नम्रपणे नकार द्या. बहुतेकदा ही फसवणुकीची दुसरी फेरीच असते. त्याने खरोखर काही युक्ती वापरून खाते काढले, तरी ज्या कलमांखाली आपण तक्रार करीत आहात, त्याच कलमांखाली त्याचे कृत्य येऊ शकते, आणि पैसे मोजणारी व्यक्ती म्हणून आपले नावही त्यात येईल.

ज्या ग्राहक आपल्यावर केस करणार म्हणतात त्यांना फोनवर समजावत बसण्यापेक्षा लेखी कळवा : खाते अमुक वेळेपासून माझ्या ताब्यात नाही, तक्रार क्रमांक अमुक आहे, आपणही तातडीने १९३० वर तक्रार करावी, मी तपासात साक्ष देण्यास तयार आहे. त्यात ‘माझ्या चुकीमुळे’ हे शब्द नकोत, आणि संकोचापोटी त्यांची रक्कम स्वतःच्या खात्यातून भरून देण्याचे आश्वासनही नको. माणुसकी म्हणून काही द्यावेसे वाटले, तर ते तपास मार्गी लागल्यावर आणि लेखी खुलाशासह द्या. इतर ग्राहकांना व्हॉट्सअॅपवरून आजच सावध करा, कारण माहीत असूनही आपण गप्प राहिलात, तर त्या मौनाचा भलताच अर्थ पुढे कोणीही काढू शकेल.

पोलिसांची नोटीस आली, तर घाबरण्याआधी तिच्यावरचे कलम पाहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची नोटीस साक्षीदारासाठी असते आणि त्या कलमाखाली स्त्रीला तिच्या राहत्या जागेव्यतिरिक्त कोठे हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. कलम ३५(३) ची नोटीस मात्र संशयित व्यक्तीला दिली जाते. ती आल्यास ठरल्या दिवशी हजर राहणे आवश्यक आहे, शक्यतो वकिलासह, आणि तसे हजर राहणाऱ्यास कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही.

पुरावा म्हणून बनावट स्टोरीचे स्क्रीनशॉट घेताना खात्याचे नाव, प्रोफाइलची लिंक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. स्टोरी २४ तासांत नाहीशी होते, तेव्हा ग्राहकांकडे असलेले स्क्रीनशॉटही मागून घ्या. न्यायालयात हे सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे) प्रमाणपत्र लागेल आणि ते मूळ फोनवरून तयार होते, त्यामुळे फोन रीसेट करू नका किंवा विकू नका. आणि खाते परत हाती आले की चोराचे मेसेज, स्टोरी, नवी नावे पुसून टाकण्याची घाई करू नका. आधी खात्याची संपूर्ण माहिती डाउनलोड करून तिची प्रत तपास अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, आणि मगच साफसफाईला हात घाला.