मनातलं विचारा : पोटातला मुरडा आणि संमोहन

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्याला. दीड वर्षापासून सकाळी लोकलसाठी निघताना पोटात मुरडा येतो, दोन-तीनदा जावं लागतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात, म्हणजे तपासणीत दोष न दिसता आतडं चटकन बिथरण्याचा त्रास. गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं. जाऊबाईंनी वाशीचे एक वेलनेस कोच सुचवलेत. ते संमोहनातून मागच्या जन्मातलं कारण शोधतात, सहा बैठकांचे पैसे आधी घेतात. जाऊ का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तिथे पैसे भरू नका. पण संमोहनावर फुली मारू नका, कारण तुमच्याच दुखण्यावर त्याचा चांगला अभ्यास झालाय. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली आयबीएसच्या रुग्णांवर त्याची चाचणी प्रसिद्ध केली, आणि पुढे तिथे ती नियमित उपचारपद्धत झाली.

नौपाड्यात माझ्याकडे येणाऱ्यांना मी पोटावर तळहात ठेवायला सांगते. त्याची ऊब हळूहळू आत उतरतेय, आवळलेलं आतडं सैल होतंय, एवढंच मनात आणायचं. शुद्ध हरपत नाही. खालच्या रिक्षाचा हॉर्नही ऐकू येतो. घरी रोज सराव करावा लागतो. लोकलच्या भीतीवर आम्ही वेगळं, टप्प्याटप्प्याने काम करतो.

मानसोपचारतज्ज्ञ आधी निदान करतात. भास किंवा टोकाचा संशय असेल तर संमोहन टाळतात. काही दंतवैद्य सुईच्या भीतीसाठी ते वापरतात. समुपदेशक परीक्षेच्या धास्तीसाठी, वेलनेसवाले झोप आणि विश्रांतीसाठी. तिथवर ठीक. आजार मात्र आजार ओळखणाऱ्याकडेच न्यावा.

मागच्या जन्माचं मला खरंच भय वाटतं. संमोहनात कल्पना इतकी ठसठशीत होते की ती आठवणच वाटते. अशाच एका बैठकीनंतर एका बाईंनी मोठ्या दिरांशी बोलणं टाकलं. ‘त्यांनी मला विहिरीत ढकललं होतं’, एवढंच त्या म्हणत. ते घर सांधायला वर्ष गेलं.

भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंद असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, शोधा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. ‘आयबीएससाठी संमोहन कुठे शिकलात?’ हेही विचारा. पोटाच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडेच जा.