रोगांची आकडेवारी, क्वांटम भौतिकशास्त्र आणि कर्करोगाचं जीवशास्त्र, तिन्ही आवडत असतील तर एकच निवडावं का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि सर म्हणतात, "तीन दगडांवर पाय ठेवू नकोस." मी सोलापूरचाच. एमएस्सी फिजिक्सनंतर मुंबईत रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका केली आणि आता किरणोपचार विभागात काम करतो. आत्ताच निवडू नका, एवढंच सांगेन. मात्र सुरुवात आकडेवारीपासून करा, कारण ती तुमच्या दारात आहे.

बार्शी तुमच्यापासून सत्तरेक किलोमीटर. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरातला नोंदणीवाला दवाखान्यांचे कागद चाळतो, इथे कागदच नव्हते. अंगावरून जातंय हे बाई घरातही बोलत नसे, मग दवाखान्यात कशी जाणार? म्हणून डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसंच गावोगाव धाडली. सरपंच, शिक्षक, नर्सबाई यांना भेटायचं, लक्षणं समजावून सांगायची, संशय आला तर त्या माणसाला तपासणीला आणायचं. माझी मावशी परांड्याकडची. 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर', म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग, हे शब्द तिने पहिल्यांदा अशाच एका बैठकीत ऐकले. आकडा गोळा करता करता लोक लवकर दवाखान्यात येऊ लागले.

एवढी पायपीट कशासाठी? छेदासाठी. सोलापूरच्या एखाद्या दवाखान्यात वर्षाला किती रुग्ण आले, यावरून सोलापुरात कर्करोग किती हे कळत नाही. तिथे कलबुर्गीहून, विजयपूरहून, धाराशिवहून माणसं येतात आणि आपले कित्येक जण पुण्या-मुंबईला जातात. अंश हाती असतो, छेद नसतो. ठरलेली गावं, त्यांची लोकसंख्या, वयोगट आणि त्यातला एकूण एक रुग्ण, हे सगळं असेल तेव्हाच दर काढता येतो. 'कॅन्सर वाढलाय' असं छातीठोक सांगणाऱ्याला आधी छेद विचारायचा.

अशाच कामावर पुढची मोठी चाचणी उभी राहिली. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना गावांच्या ५२ समूहांतून, चिठ्ठ्या टाकाव्या तसं, चार गटांत विभागलं. एका गटाची एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो त्याची, तपासणी झाली. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. गट साधारण सारखेच, ३४ हजार आणि ३१ हजार. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एका गटाला तपासणी द्यायचीच नाही, हे नैतिक होतं का, यावर नंतर वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. ते ६४ वाचताना मला आजही गलबलतं.

आता जीवशास्त्र. पेशीच्या डीएनएत बिघाड झाला की पी-५३ नावाचं प्रथिन तिची वाढ थांबवतं किंवा तिला मरायला लावतं. एचपीव्हीचं ई-६ प्रथिन नेमकं त्यालाच नष्ट करवतं, ई-७ वाढ रोखणारा दुसरा ब्रेक काढतं. म्हणून विषाणू शोधला की रोगाच्या बरंच आधी पोचता येतं.

आणि क्वांटम? ते माझ्या किरणोपचाराच्या खोलीत आहे. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमधून निघालेला गॅमा फोटॉन, म्हणजे गॅमा किरणाचा कण, शरीरात एखाद्या इलेक्ट्रॉनवर आदळतो आणि त्याला उडवतो. हा कॉम्प्टन परिणाम, १९२३ चा. तो इलेक्ट्रॉन पुढे पाण्याचे रेणू फोडतो, डीएनएचे धागे तोडतो. रुग्ण या उपचाराला 'शेक' म्हणतात. रोज थोडा थोडा देतात, कारण निरोगी पेशी मधल्या वेळात दुरुस्ती उरकतात. कोबाल्टचा कोणता अणू कधी फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही, पण ५.२७ वर्षांत निम्मे फुटणार हे पक्कं. म्हणून स्रोत दरमहा सुमारे एक टक्का मंदावतो आणि तेवढी शेकाची वेळ वाढवावी लागते. ते गणित चुकलं तर समोरच्या बाईला किरणांची मात्रा कमी पडेल.

इथे एक घोळ टाळा. अणूची अनिश्चितता निसर्गातच आहे. कुठल्या बाईला कर्करोग होईल हे न कळण्यात मात्र आपलं अज्ञान बरंचसं आहे आणि ते कमी करता येतं, त्या विषाणूच्या तपासणीने केलंच की. दोन्हींना 'संभाव्यता' म्हणतात म्हणून त्या एक होत नाहीत. शिवाय हातात दांडी धरायला लावून 'क्वांटम तपासणी' करणाऱ्या यंत्रांचा या भौतिकशास्त्राशी काहीही संबंध नाही. घरच्यांनाही सांगा, त्यापायी खरे उपचार लांबतात.

पुढची वाट म्हणाल तर मी केलेल्या पदविकेला एमएस्सी फिजिक्स लागतं, तेव्हा गणित सोडू नका. पेशीशास्त्र वाचून जमतं. या सुट्टीत मात्र एकच करा. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचे अहवाल नेटवर फुकट मिळतात. त्यातला बार्शीचा तक्ता घ्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा वयानुसार समायोजित दर, म्हणजे दोन ठिकाणच्या लोकांची वयं वेगळी असली तरी तुलना करता येईल असा दर, वहीत, हाताने काढा. मग मुंबईचा काढा. फोटो काढून इथे टाका. उत्तर चुकलं तरी चालेल, छेद बरोबर घेतलाय का तेवढं मी बघीन.