ख्रिस्ती माणसाने शब्बाथ पाळावा का?

माझ्या मते सक्ती नाही. पण 'शब्बाथ म्हणजे रविवार' हे जे आपण सहज म्हणून जातो, ते चूक आहे. बायबलमधला शब्बाथ, म्हणजे देवाने नेमलेला विश्रांतीचा दिवस, हा आठवड्याचा सातवा दिवस: शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. कोकणातल्या बेने इस्राएल (ज्यू) लोकांना 'शनवार तेली' नाव पडलं ते याचमुळे: तेलाचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद.

रविवार आला तो येशूच्या पुनरुत्थानामुळे. प्रेषितांची कृत्ये 20:7 मध्ये शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमलेले दिसतात. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली रविवारच्या सुट्टीचा कायदा केला हे खरं, पण रविवारची उपासना त्याने सुरू केली असं जे ऐकवलं जातं त्यात दम नाही. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर रविवारच्या सभेचं वर्णन करून गेलाय.

शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ, सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणतो, दहा आज्ञांतल्या नऊ पाळता, मग शब्बाथाची चौथीच का सोडता? प्रश्न बिनतोड वाटतो खरा. (कॅथलिक गणतीत ती तिसरी!) पण प्रेषित पौल कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (2:16) सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असं बजावतो, आणि रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात दिवस मानणं न मानणं ज्याच्या त्याच्या मनावर सोडतो. अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणतात की कलस्सैकरांतला उल्लेख वार्षिक सणांच्या शब्बाथांचा आहे; मला ते ओढूनताणून वाटतं, कारण सण आधीच वेगळे मोजलेत.

इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च तर शनिवार आणि रविवार दोन्ही मानतं. तुम्हाला शनिवार पाळायचा तर खुशाल पाळा, फक्त शेजारच्या रविवारवाल्याला नरकात धाडू नका.