आयर्लंडमध्ये इतक्या गावांची नावं 'किल'ने का सुरू होतात? तिथे खूनबिन झाले होते का?

खून नाही हो, चर्च! आयरिश भाषेत 'किल' म्हणजे छोटं चर्च किंवा साधूची कुटी. किल्डेअर म्हणजे 'ओकचं चर्च', संत ब्रिजिडचं ठाणं. काही गावांत मात्र मूळ शब्द रानासाठीचा आहे. इंग्रजी नकाशात दोन्हींचं 'किल' झालं, त्यामुळे नुसत्या स्पेलिंगवर जाऊ नका.

'टोबर' दिसलं की विहीर. रॉसकॉमनमधलं बॅलिनटोबर म्हणजे विहिरीचं गाव. या पवित्र विहिरी बहुधा दगडांनी बांधलेले झरेच असतात. लोक उजवीकडून प्रदक्षिणा घालतात (आपल्यासारख्याच), जवळच्या झाडाला चिंधी बांधतात. चिंधी कुजत जाईल तसं दुखणं सरतं, असा समज. क्लेअर परगण्यात लिस्कॅनरजवळच्या ब्रिजिडच्या विहिरीकडे जाणाऱ्या बोळात भिंतीभर फोटो, जपमाळा, मूर्ती दाटलेल्या आहेत.

कथा तर झकास! कुणी विहिरीत मळके कपडे धुतले की ती रागावून रातोरात दुसरीकडे निघून जाते. तिचं पाणी चुलीवर कितीही ठेवा, उकळत नाही. १९३७ ते १९३९ दरम्यान शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून अशा गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या. तो संग्रह आता ऑनलाइन फुकट वाचता येतो. गावाचं नाव टाकून शोधा.