जुनं पूल टेबल घरी आणून, दुरुस्त करून बसवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यातल्या एका बंद होणाऱ्या क्लबमधलं जुनं ‘पूल टेबल’ तुम्हाला मिळतंय. त्याला आठ पाय आहेत, वरची बनात (टेबलावर ताणलेलं लोकरी कापड) फाटली आहे आणि ते पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसवायचा विचार आहे. आठ पाय म्हणालात म्हणून जवळजवळ खात्रीनं सांगतो, ते पूल टेबल नाही. ते इंग्लिश बिलियर्ड्सचं बारा फुटी टेबल आहे, स्नूकरही त्याच्यावरच खेळतात. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत आणि बंगल्यांत बहुतेक हेच सापडतं. मी सहा वर्षांपूर्वी देवळालीच्या एका बंगल्यातून असंच टेबल उतरवून नाशिकला आमच्या घरी तळमजल्यावर बसवलं. त्यावरून सांगतो.

आधी टेप घेऊन खोली मोजा. या टेबलावर खेळायची जागा कुशनच्या, म्हणजे कडेच्या रबरी पट्ट्यांच्या, आतून ११ फूट ८॥ इंच बाय ५ फूट १० इंच असते. क्यू, म्हणजे खेळायची काठी, साधारण ४ फूट १० इंचांचा, आणि तो चारही बाजूंनी भिंतीला न अडता मागे घेता आला पाहिजे. म्हणजे २१॥ बाय १५॥ फुटांची मोकळी खोली हवी, मध्ये खांब नको. आठ फुटी पूल टेबलाला हाच हिशोब १७ बाय १३॥ फुटांचा येतो.

मग वजन. बनातीखाली लाकूड नसतं, स्लेटचा दगड असतो. पाच फरश्या, प्रत्येक जवळजवळ सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, पावणेदोन इंच जाड. एकेक फरशी दीडशे ते पावणेदोनशे किलोची. लाकडासकट टेबल सव्वा टनाच्या पुढे जातं. राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरतात. तुमचं टेबल पावणेसात चौरस मीटर जागेवर तेवढा भार एकटंच टाकेल, तोही सारखा पसरून नाही तर आठ पायांवर. भोवती खेळणारी माणसं वेगळीच. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं बीम बघून लेखी होकार दिल्याशिवाय हे टेबल वरच्या मजल्यावर चढवू नका. सोसायटी हो म्हणाली एवढं पुरेसं नाही.

खोली लहान आहे म्हणून टेबल कापून आठ फुटी करून देतो म्हणणारे सुतार भेटतील. कृपा करून तसं करू देऊ नका. दगडाच्या सांध्यांत पितळी खुंट्या बसवलेल्या असतात, बोल्टची भोकं ठरलेल्या जागी असतात, ते एकदा बिघडलं की टेबल संपलं. शिवाय पूलचे बॉल ५७ मिलिमीटरचे, स्नूकरचे ५२.५. या टेबलाच्या गोल कडांच्या पॉकेटमध्ये पूलचा बॉल नीट जातच नाही. स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या छावणीत जन्मला आणि बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. त्यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा भारताला कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता मिळाला. ती सगळी पिढी अशाच टेबलांवर घडली. जागा नसेल तर टेबल जागा असणाऱ्याला जाऊ द्या आणि स्वतःसाठी तीन फरश्यांचं आठ फुटी पूल टेबल शोधा.

जागा असेल, तर टेबल उतरवायला हमालांच्या आधी मार्कर शोधा. जुन्या क्लबांत बिलियर्ड्स रूम सांभाळणाऱ्याला मार्कर म्हणतात. मला मुंबईच्या एका जिमखान्यातून निवृत्त झालेले काका भेटले, आणि ते नसते तर काम झालंच नसतं. कुशनचे बोल्ट गंजून दगडाला धरलेले होते. त्यांनी दोन दिवस तेल सोडून ठेवलं आणि मग हातानं फिरवले, हातोडा लावू दिला नाही. प्रत्येक फरशीवर, कुशनवर, पायावर खडूनं आकडे घातले. तरी एक चूक घडलीच. शेवटची फरशी टेम्पोत चढवताना हमालांनी ती आडवी धरली. काका ओरडेपर्यंत कोपऱ्याचा टवका उडाला होता. दगड नेहमी उभा, कडेवर धरून न्यायचा. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनानं मधोमध मोडू शकतो. टवका पॉकेटच्या बाजूला होता म्हणून निभावलं.

बसवताना सगळा जीव लेव्हलमध्ये आहे. सुताराची पाणसळ इथे चालत नाही, ती जो फरक दाखवत नाही तोच बॉल दाखवतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मित्राचं मशीन शॉप आहे, तिथून लेथ बसवताना वापरतात ती लेव्हल आणली, मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखवणारी. आधी नुसता सांगाडा पायांपासून लेव्हल केला. मग मधली फरशी ठेवली आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक करत बाकीच्या. जिथे दगड किंचित खाली होता तिथे काकांनी पत्त्यांच्या कॅटमधली पानं कापून सांगाड्यावर सरकवली. कुठे एक पान, कुठे तीन. प्रत्येक सांध्यावरून ते डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडलं की फरशी पुन्हा उचलायची. एका सांध्याला पूर्ण दुपार गेली. नख कुठेच अडेना, तेव्हाच त्यांनी सांध्यांत लांबी (पुट्टी) भरली आणि घासून काढली. पूर्वी प्लास्टर भरायचे, पण ते पावसाळ्यात भुसभुशीत होतं असं त्यांचं म्हणणं.

कुशनचं रबर नखानं दाबून बघा. दबत नसेल तर ते मेलं, बदला. आमचं दगडासारखं झालं होतं, बॉल आदळला की ‘ठक्’ वाजायचं आणि बॉल तिथेच मरायचा. जुना गोंद पूर्ण खरवडल्याशिवाय नवं रबर चिकटवू देऊ नका.

बनात सगळ्यात शेवटी. स्नूकरच्या लोकरी बनातीला लव असते. ती ‘डी’च्या टोकाकडून (जिथे अर्धगोल आखलेला असतो आणि खेळ सुरू होतो) समोरच्या, काळ्या बॉलच्या टोकाकडे गेली पाहिजे. तळहात फिरवला की कळतं, एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं अडखळतो. उलटी लागली तर हळू मारलेला बॉल वाकडा जातो आणि लोक लेव्हलला दोष देत बसतात. ताणून चुका ठोकायला तीन माणसं लागतात, आणि पॉकेटच्या वळणावर सुरकुती न पडू देणं हे हातात कला असलेल्याचंच काम. पुढे ब्रश आणि इस्त्री दोन्ही लवेच्या दिशेनंच, आणि वाफ कधीही नाही. पावसाळ्यात बनात ओल धरते, बॉल मंदावतात. प्लास्टिक झाकू नका, बुरशी येते. सुती चादर घाला. पहिला पावसाळा संपल्यावर लेव्हल पुन्हा तपासा, आमचा एक पाय जरासा बसला होता.

लाकूड बहुधा महोगनी किंवा सागवान निघेल. त्याला चपड्याचं पॉलिशच शोभतं, वरून चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारू नका.

टेबलाबरोबर जुने पिवळट बॉल मिळाले आणि त्यांवर बारीक जाळीदार रेषा दिसल्या, तर ते हस्तिदंती असू शकतात. त्यांची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे. व्यवहारात ते घेऊच नका.

आता बघायला जाल तेव्हा बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरा. सांगाड्याला वाळवी आहे का बघा, स्क्रू ड्रायव्हरनं टोचून. पाचही फरश्या खालून बोटाच्या पेरानं वाजवा. अखंड दगड खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. चौकटीवर बनवणाऱ्याची पितळी पट्टी असेल तर तिचा फोटो काढा आणि पट्टी जागेवरच राहू द्या. एक जरी फरशी बद्द वाजली, तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. पाचही खणखणल्या, वाळवी नसली आणि जागेचं नि स्लॅबचं जमत असलं, तर बाकी काहीही मोडकं असलं तरी घ्या.