सगळ्यांसोबत बसते, पण प्रार्थना होत नाही

"समूहात राहायला आल्यापासून माझी प्रार्थनाच आटली. घरी एकटी करायचे तेव्हा मन लागायचं. माझी श्रद्धाच कमी पडतेय का? निघून जाऊ का?" ख्रिस्ती सेवासमूहात एकत्र राहणारी तरुण मुलं-मुली समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. त्यातलाच एक अनुभव इथे देत आहे. तो परवानगीने लिहिला आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती सव्वीस वर्षांची. गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, नोकरी लोअर परळला हिशेबाची. भायखळ्याच्या एका जुन्या इमारतीत वेगवेगळ्या चर्चच्या मंडळ्यांतल्या सात जणी मिळून राहतात. हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर एवढीच जागा. परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेली कुटुंबं फुटपाथवर राहतात. त्यांना आठवड्यातून तीन सकाळी गरम पेज द्यायची आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायचा, ही या घराची सेवा. बाकी वेळ जिची तिची नोकरी.

अशा वेळी प्रार्थनेबद्दल काही विचारण्याआधी गेल्या सात दिवसांचा तासवार तक्ता लिहून घ्यावा. कधी उठलात, कधी आडवं झालात, कोणतं काम कोणी केलं, एकटं कधी होतात. तिच्या तक्त्यात झोप सरासरी पाच तासांची होती. सातही दिवसांत एकांताचा रकाना कोरा होता. आणि रोज पहाटे, 'पाणी' हा एकच शब्द.

घरात नळाला पाणी यायचं पावणेपाचला आणि जायचं सहाच्या सुमारास. प्रार्थना होती पाच वाजता. धार बारीक, त्यामुळे दोनशे लिटरचं पिंप, कळशा, पातेली आणि बादल्या भरायला जवळजवळ पूर्ण वेळ लागायचा. पाणी कोणी भरायचं, तर 'जिला जमेल तिने'. वयाने सगळ्यांत लहान असल्यामुळे ते रोज तिलाच जमायचं. पिंप भरत आलं की पाण्याचा आवाज बारीक होतो. तो ऐकून पाइप दुसऱ्या भांड्यात टाकायचा, म्हणून एक कान कायम स्वयंपाकघरात. ओल्या पायांनी हॉलमध्ये येऊन बसेपर्यंत स्तोत्रं आणि वाचन संपून उत्स्फूर्त प्रार्थना सुरू झालेली असायची. एके दिवशी ती येऊन बसताच एकीने मोठ्याने प्रार्थना केली, "प्रभू, आमच्यातल्या ज्यांना तुझ्यापेक्षा कामं मोठी वाटतात, त्यांना जागं कर." त्या दिवसानंतर ती नुसतीच बसू लागली.

सेवेच्या घरातला आध्यात्मिक कोरडेपणा आधी वेळापत्रकात शोधावा, असं आमचं ठाम मत आहे. यात श्रद्धेला कमी लेखण्याचा भाग नाही. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला बोध करत नाही. तो त्याला भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावरची देवाची मंद वाणी त्याच्यापर्यंत पोचते ती त्यानंतर.

नैराश्याची तपासणी मात्र टाळू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवसभर उदास वाटणं, कशातच गोडी न वाटणं, भूक आणि झोप बिघडणं, स्वतःला निरुपयोगी समजणं, मरणाचे विचार येणं, यातलं काही आहे का ते सरळ विचारावं. तसं असेल तर प्रार्थनेची पद्धत बदलत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. हिचं तसं नव्हतं. मुलांच्या अभ्यासाबद्दल सांगताना तिचा चेहरा खुलायचा आणि सुट्टीत गावी ती आठ-आठ तास झोपून ताजी व्हायची.

पुढच्या भेटीला तिच्या संमतीने घरातल्या मोठ्या ताईही आल्या. प्रश्न एकटीचा म्हणून सोडवला असता तर पाण्याचं काम फक्त दुसरीच्या गळ्यात पडलं असतं.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी लिहिलेल्या नियमात ७३ प्रकरणं आहेत, आणि त्यातली कित्येक अगदी घरगुती आहेत. पस्तिसाव्या प्रकरणात स्वयंपाकघराची सेवा आठवड्याच्या पाळीने सगळ्यांनी करायची सांगितली आहे. सूट आजारी माणसाला, किंवा तितकंच महत्त्वाचं दुसरं काम असलेल्याला. त्रेचाळिसाव्यात रात्र सरण्याआधीच्या प्रार्थनेतलं सुरुवातीचं एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणायला सांगितलं आहे, म्हणजे उशीर झालेल्याला येऊन पोचता येतं. आणि पन्नासाव्यात, कामामुळे दूर असलेल्यांनी आहेत तिथेच प्रार्थना करावी असं आहे. एकत्र राहणाऱ्यांनी ही तीन प्रकरणं तरी नीट वाचावीत. 'जिला जमेल तिने' हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्या व्यवस्थेत नाही म्हणता न येणारी व्यक्तीच राबते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

घराने पाळी लावली. सोमवारपासून दोघींचा आठवडा, आणि पाणी व पेज दोन्ही त्यांच्याकडे. त्या पावणेपाचला उठतात, म्हणून त्या आठवड्यात रात्रीच्या प्रार्थनेतून त्यांना सूट आणि साडेनऊला अंथरूण. बाकीच्यांनी पावणेसहाला उठायचं. नळ गेल्यावर, सहा दहाला प्रार्थना. पेजेच्या दिवशी सहा चाळीसला निघायचं.

प्रार्थना पंचवीस मिनिटांची ठरली. स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र दोन बाजूंनी आळीपाळीने, ओळीच्या मध्यावर एक श्वास थांबून, पाच मिनिटं. शुभवर्तमानातला आठ ते बारा ओव्यांचा उतारा दोनदा वाचायचा, पाच मिनिटं. मग सात मिनिटं मौन. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या प्रार्थना पाच मिनिटं, प्रत्येकीने एकच वाक्य. शेवटी प्रभूची प्रार्थना आणि एक गीत, तीन मिनिटं. सकाळी एक आणि रात्री एक असं धरलं तर १५० स्तोत्रं पंचाहत्तर दिवसांत पूर्ण होतात. पूर्वी चार-चार स्तोत्रं भरभर म्हटली जायची आणि त्यातली ओळ कोणालाच आठवायची नाही.

मौन पहिल्याच दिवशी सात मिनिटांचं ठेवलं तर बहुतेक घरांत फसतं. दोन मिनिटांनंतर कोणीतरी अस्वस्थ होऊन गाणं सुरू करतं. म्हणून तीन मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवावं. वेळ एकीनेच बघावी, बाकीचे फोन हॉलच्या बाहेर. डुलकी लागत असेल तर भिंतीला टेकून मांडी घालण्यापेक्षा खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून, डोळे अर्धे उघडे ठेवून बसावं. तरीही रोज झोप येत असेल तर ती झोपच हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मध्यस्थीच्या प्रार्थनेला एक कडक नियम घातला, आणि आमच्या मते या घराला सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला. प्रार्थनेत सोबतच्या व्यक्तीचा दोष मांडायचा नाही, नावाने नाही आणि आडूनही नाही. मोठ्या आवाजातल्या प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून तिथे मारलेला टोमणा फार खोल लागतो. तक्रार असेल तर मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आधी एकांतात त्या व्यक्तीलाच सांगावी. जर्मनीत १९३५ ते १९३७ या काळात डीट्रिच बोनहोफर फिंकेनवाल्डला तरुण पाळकांचं विद्यालय चालवत होते. तिथे नियम होता की गैरहजर भावाबद्दल बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर त्याला जाऊन सांगायचं. भायखळ्याच्या घरात तो नियम फ्रीजवर लावला आहे. पहिले पंधरा दिवस जेवताना बरीच शांतता होती.

रात्रीचं आत्मपरीक्षण झोपायच्या वेळी ठेवू नये, भांडी घासून झाल्यावर लगेच ठेवावं. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या पद्धतीचे पाच टप्पे बारा मिनिटांत होतात. दिवसाबद्दल आभार, पाहण्यासाठी प्रकाशाची विनंती, सकाळपासूनचा दिवस तास-तास मागे जाऊन बघणं, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्यासाठी एकच ठोस गोष्ट. हे मनातल्या मनात करायचं. मोठ्याने सांगणं आठवड्यातून एकदाच, ते फक्त स्वतःबद्दल, आणि 'आज नको' म्हणायची मुभा प्रत्येकीला.

शुक्रवारचा उपास चालू राहिला, पण एका जेवणापुरता आणि पाणी पिऊन. मधुमेहाची औषधं घेणाऱ्या एकीने जेवायचं आणि त्याऐवजी संध्याकाळी फोन बंद ठेवायचा. वाचलेले पैसे पेजेच्या डब्यात.

एकांताचा प्रश्न मुंबईत खरा अवघड. सात जणींत दोन खोल्या, आणि गच्चीला कुलूप. येशू पहाटे उठून एकांत जागी जाई असं मार्क लिहितो, पण तशी जागा इथे ठरवून मिळवावी लागते. प्रत्येकीला आठवड्यातून एका संध्याकाळी दोन तास पूर्ण मोकळे दिले. सेवा नाही, स्वयंपाक नाही, आणि कुठे गेलीस हे कोणी विचारायचं नाही. हिने बुधवार घेतला. ती कामावरून दादरला जाते आणि पोर्तुगीज चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. पहिल्या काही बुधवारी तिला तिथे फक्त रडू आलं. ते चांगलंच झालं.

सगळ्यांना हे पटलं नाही. घरातल्याच एका वडीलधाऱ्या बहिणीचं म्हणणं होतं की प्रार्थना कमी केली म्हणजे देवाला कमी दिलं. त्यांची तळमळ खरी होती. बेनेडिक्टच्या विसाव्या प्रकरणात समूहातली प्रार्थना थोडक्यात असावी असं आहे, हे त्यांना दाखवलं, तरी समाधान झालं नाही. आता त्या सव्वापाचला उठून आतल्या खोलीत एकट्या प्रार्थना करतात. त्यांच्यासोबत बसायची सक्ती कोणावर नाही.

राहिला प्रश्न निघून जाण्याचा. मन कोरडं आणि अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असा इग्नेशियसचा नियम आहे आणि समुपदेशनातही तो खरा ठरतो. पण 'बदलू नका' एवढंच सांगून माणसाला अडकवून ठेवणं बरं नाही. तारीख ठरवावी. तिने तीन महिन्यांनंतरची तारीख वहीत लिहिली, आणि रोज एक ओळ: झोप किती, एकांत मिळाला का, प्रार्थना झाली की नुसतीच बसले. तोवर महिन्यातून एकदा घराबाहेरच्या अनुभवी मार्गदर्शकाशी बोलायचं. घरातल्याच मोठ्या व्यक्तीला मार्गदर्शक करू नये, कारण तिच्याच हातात पाळ्या असतात.

या घरात प्रवेशानंतर तीनच आठवड्यांत समूहात राहण्याचं वचन घेतलं जायचं. ते फार घाईचं आहे. बेनेडिक्टच्या मठात नवख्याला दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग चार महिन्यांनी पूर्ण नियम वाचून दाखवत आणि पाळता येत नसेल तर मोकळेपणी जा असं सांगत. म्हणजे वर्षभर. घराने आता वर्षाचा काळ ठेवला आहे.

तिच्या वडिलांना वाटत होतं की मुलगी कुठल्यातरी परक्या पद्धतीत सापडली. त्यांना आपल्याच मातीतल्या अशा ख्रिस्ती समूहांचा इतिहास सांगावा लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, आणि 'ख्रिस्त सेवा संघ' १९२२ मध्ये या वडिलांच्याच अहमदनगरात (आताचं अहिल्यानगर) सुरू होऊन पुढे पुण्याला गेला. मुलगी दरमहा घरी पैसे पाठवत राहील हे लेखी ठरलं, तेव्हा वडील जास्त निवांत झाले.

काही समूहांत मात्र तारखेची वाट बघू नये. पगार किंवा एटीएम कार्ड काढून घेणं, घरच्यांशी फोनवर बोलायला मनाई, डॉक्टरांकडे जाऊ न देणं, खासगीत कबूल केलेली गोष्ट सभेत काढणं, किंवा 'गेलीस तर देव शिक्षा करेल' अशी भीती घालणं, यातलं एकही होत असेल तर विश्वासातल्या माणसाला कळवून लगेच बाहेर पडावं.

ठरल्या तारखेला ती वही घेऊन आली. झोप साडेसहा तासांवर आली होती. 'प्रार्थना झाली' आणि 'नुसतीच बसले' असे दिवस जवळपास निम्मे-निम्मे होते, आणि ते तिला चाललं. तिने आणखी एक वर्ष राहायचं ठरवलं आहे, बुधवारच्या दोन तासांची नोंद घराच्या नियमांत लेखी करून घेऊन.